तुम्ही विचारलंत म्हणून: एचआरमध्ये आधी सगळं, की आधी एकच?

"एचआरमध्ये नुकतीच लागलेय. जनरलिस्ट राहू, की आत्ताच एखादा विषय पकडून स्पेशालिस्ट होऊ?"

हा प्रश्न मला महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणाऱ्याची नोकरी कधी सहा महिन्यांची असते, कधी दोन वर्षांची. बऱ्याचदा हातात दोन ऑफर असतात. एक लहान कंपनीतली, जिथे भरतीपासून पगारापर्यंत सगळं बघायचं. दुसरी मोठ्या कंपनीतली, जिथे फक्त भरती, किंवा फक्त पेरोल म्हणजे दरमहाच्या पगाराचा हिशेब, किंवा फक्त ट्रेनिंग. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने उत्तर देत आले, त्यात निम्मं सांगायचं राहून जातं. म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं उत्तर असं आहे: सुरुवात जनरलिस्ट म्हणून करा, त्याच जागी उद्दिष्टांपासून पगारवाढीपर्यंतची दोन पूर्ण वार्षिक चक्रं होईपर्यंत थांबा, आणि मग एका विषयात खोल उतरा. यातला मधला भाग मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि बहुतेक जण नेमका तोच गाळतात.

का, ते माझ्याच अनुभवावरून सांगते. माझी पहिली नोकरी साधारण तीनशे माणसांच्या कंपनीत होती. एचआरमध्ये आम्ही दोघीच, माझी मॅनेजर आणि मी. पहिल्या वर्षी एक जागा चार महिने रिकामी होती आणि विभागप्रमुख रोज सकाळी येऊन विचारायचे. शेवटी एक चांगला उमेदवार मिळाला. त्याने आकडा सांगितला, थोडी घासाघीस झाली आणि मी ऑफर लेटर काढलं. त्या दिवशी मला मनापासून आनंद झाला होता. तो आकडा त्याच टीममध्ये पाच-सहा वर्षं काम केलेल्यांच्या पगारापेक्षा जास्त आहे, हे मला दिसत होतं. जुन्यांचं नंतर बघू, असं ठरलं. पगारवाढीच्या वेळी ते मागे पडलं.

पुढच्या आठ महिन्यांत त्या टीममधले तिघे जण गेले. तिघांच्याही एक्झिट इंटरव्ह्यूला, म्हणजे नोकरी सोडताना होणाऱ्या शेवटच्या बोलण्याला, मीच बसले होते. फॉर्मवर तिघांनीही कारण लिहिलं, 'चांगली संधी'. तिसऱ्याने सही केली, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "नवीन माणसाला द्यायला पैसे असतात. आम्हाला देतानाच ते कुठे जातात?" मला उत्तर देता आलं नाही. त्या तिघांच्या जागा भरण्याचं कामही माझ्याचकडे आलं, आणि बाजारातला आकडा तोपर्यंत आणखी वर गेला होता.

ऑफर, मग कुजबूज, मग राजीनामे, मग पुन्हा भरती. ही साखळी मला दिसली कारण त्यातला प्रत्येक कागद माझ्या हातातून गेला. मी फक्त भरती बघत असते तर माझ्या खात्यावर 'जागा भरली' एवढीच नोंद राहिली असती, आणि ती यशाची नोंद असती. वर्षभरात नोकरी बदलली असती तरी तेच. एचआरमधल्या निर्णयाचा परिणाम फार उशिरा दिसतो. उद्दिष्टं ठरतात, वर्षाअखेरीस मूल्यांकन होतं, पगारवाढीची पत्रं जातात, त्यानंतर दोन-तीन महिन्यांत राजीनाम्यांची लाट येते, मग नवी माणसं येतात आणि पुन्हा उद्दिष्टं ठरतात. पहिल्या वर्षी हे सगळं नुसतं अंगावर येतं. आपण मागच्या वर्षी केलेल्या चुका समोर येऊन उभ्या राहतात त्या दुसऱ्या वर्षी. चौदा महिन्यांत बाहेर पडलेल्या माणसाच्या रेझ्युमेवर सात-आठ कामांची नावं असतात, पण त्यातल्या एकाही कामाचा शेवट त्याने पाहिलेला नसतो.

त्या तिसऱ्या माणसाच्या प्रश्नाने मला पुढची दिशा दिली. पगार ठरतो कसा, हे मी शिकायला घेतलं. कॉम्पा-रेशो हा शब्द मला तेव्हा पहिल्यांदा कळला. एखाद्या पदाच्या पगारश्रेणीचा मध्य १०० धरला आणि माणसाचा पगार ८८ असला, तर त्याचा कॉम्पा-रेशो ०.८८. एवढं साधं गणित. मी त्या टीमचे जुने आकडे काढून मांडले. अनुभवी माणसं ०.८२ ते ०.९० च्या दरम्यान होती आणि नवा माणूस १.०६ वर. हा कागद ऑफर लेटरच्या आधी समोर असता, तर विभागप्रमुखांशी माझं बोलणं फार वेगळं झालं असतं. मग मुळात पदाचं वजन, म्हणजे एक पद दुसऱ्यापेक्षा किती मोठं, हे कसं ठरवतात हा प्रश्न आला. एडवर्ड हे यांच्या नावाने गेल्या शतकाच्या मध्यापासून रूढ झालेली पद्धत पदाकडे तीन बाजूंनी बघते: त्याला लागणारं ज्ञान, त्यात सोडवावे लागणारे प्रश्न आणि त्याचं उत्तरदायित्व. हे वाचताना माझ्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तकातली नव्हे, माझ्या कंपनीतली माणसं येत होती. तिसऱ्या वर्षाच्या शेवटी मी कॉम्पेन्सेशनमध्ये, म्हणजे पगाररचना ठरवण्याच्या कामात, गेले, तेव्हा हा विषय निवडण्यासाठी मला यादी घेऊन बसावं लागलं नाही.

तुम्ही म्हणाल, पण मोठ्या कंपन्यांत जनरलिस्टची जागा असतेच कुठे? ही अडचण खरी आहे आणि तिला इतिहास आहे. मुळात हे खातं जन्माला आलं तेच सगळं एकत्र घेऊन. १९०१ मध्ये अमेरिकेत डेटन इथे नॅशनल कॅश रजिस्टर कंपनीत मोठा कामगार संघर्ष झाला. त्यानंतर कंपनीचे प्रमुख जॉन पॅटरसन यांनी तक्रारी, बडतर्फी, सुरक्षितता आणि सुपरवायझरांचं प्रशिक्षण बघणारा एक वेगळा विभाग उभा केला. आधुनिक पर्सोनेल खात्याच्या (एचआरचं जुनं नाव) पहिल्या उदाहरणांत त्याचं नाव घेतलं जातं. तक्रार आणि प्रशिक्षण एकाच छताखाली असणं तेव्हा स्वाभाविक होतं, कारण सुपरवायझर कसा वागतो यावरच तक्रारी वाढतात किंवा कमी होतात.

१९९७ मध्ये व्यवस्थापनाचे अभ्यासक डेव्ह उलरिक यांनी एचआरच्या चार भूमिका मांडल्या. त्यांच्या मांडणीच्या आधाराने पुढे अनेक मोठ्या कंपन्यांनी हे खातं तीन भागांत वाटलं. रोजची कागदपत्रं आणि चौकश्या शेअर्ड सर्व्हिसेसकडे, म्हणजे सगळ्या विभागांसाठीच्या एका सामायिक केंद्राकडे, गेल्या. पगार, प्रशिक्षण, भरती अशा विषयांचे जाणकार सेंटर ऑफ एक्सपर्टीजमध्ये बसले. आणि धंद्यातल्या प्रमुखांसोबत बसायला बिझनेस पार्टनर आले. वरून बघितलं तर रचना नेटकी आहे. खालून, म्हणजे नवशिक्याच्या जागेवरून बघा: पहिल्या भागात एकच काम शेकडो वेळा करावं लागतं, दुसऱ्यात आधीपासून जाणकार असावं लागतं, आणि तिसऱ्यात अनुभव लागतो. हा अनुभव मिळवायचा कुठे, याला ती रचना फारसं उत्तर देत नाही. जनरलिस्टची पायरी मधून निघून गेली, हे माझं ठाम मत आहे. म्हणून ती पायरी ज्याची त्याला मुद्दाम शोधावी लागते: लहान कंपनीत, किंवा मोठ्या कंपनीच्या एखाद्या दूरच्या युनिटमध्ये, जिथे एचआरची दोन-तीनच माणसं असतात.

पण पदाचं नाव बघून भुलू नका. 'जनरलिस्ट' म्हणून घेतात आणि दोन वर्षं हजेरी जुळवणं, पत्रं काढणं आणि कार्यक्रमांचं नियोजन एवढंच देतात, अशा जागा मी पुष्कळ पाहिल्या आहेत. ही कामं हलकी नाहीत, ती कोणीतरी नीट करावीच लागतात. पण त्यात निर्णय नसतो, आणि निर्णय नसेल तर त्याचा परिणाम बघून शिकणंही नसतं. मुलाखतीला जाल तेव्हा स्पष्ट विचारा: नव्या माणसाचा पगार ठरतो तेव्हा एचआरचं कोण तिथे असतं? पगारवाढीच्या बैठकीत मी बसेन का, निदान ऐकायला? मागच्या वेळी एखाद्याची गंभीर तक्रार आली तेव्हा ती कोणी ऐकली, आणि निकाल त्या माणसाला कोणी सांगितला? आणि सगळ्यात आधी, माझी चूक मला कोण दाखवेल? एकट्याने सगळं सांभाळायचं आणि वर एचआर जाणणारं कोणीच नाही, अशी जागा पहिल्या नोकरीसाठी मी कोणालाही सुचवणार नाही. माझ्या मॅनेजरने माझं प्रत्येक पत्र सहा महिने लाल पेनाने वाचलं. त्या सहा महिन्यांचं ऋण मी आजही मानते. अशा पत्रात चुकीचा शब्द गेला तर त्याची किंमत समोरच्या माणसाला मोजावी लागते.

आता दुसरी बाजू. काही जणांनी थेट एका विषयातच जावं, असंही मला वाटतं. पेरोलमध्ये सुरुवात केलेली माझी एक सहकारी आहे. तिला आकड्यांची मनापासून आवड, आणि कायद्यातला बदल आला की तो वाचून काढल्याशिवाय तिला चैन पडत नाही. तिला मी सगळीकडे थोडं थोडं फिरायला सांगितलं असतं तर तिचं नुकसानच केलं असतं. शिवाय पेरोल ही अशी खिडकी आहे जिथून सगळं दिसतं: कोण आलं, कोण गेलं, कोणाची बिनपगारी रजा वाढत चालली आहे, कोणत्या विभागात ओव्हरटाइम थांबतच नाही. मन आधीच एखाद्या विषयात असेल आणि शिकवणारं माणूस चांगलं असेल, तर जा. जनरलिस्ट होण्याचा आग्रह मी धरणार नाही.

विषय निवडताना मात्र एक विचार करा, बाजार थंडावल्यावर त्या विषयाचं काय होतं. भरती हा आत शिरायचा सगळ्यात रुंद दरवाजा आहे आणि संकटात सगळ्यात आधी तोच बंद होतो. नोव्हेंबर २०२२ मध्ये फेसबुकच्या मालक कंपनीने, मेटाने, ११,००० हून अधिक लोकांना कमी केलं, तेव्हा मार्क झुकरबर्ग यांनी कर्मचाऱ्यांना लिहिलेल्या पत्रातच सांगितलं होतं की पुढच्या वर्षी भरती कमी होणार असल्यामुळे भरती विभागावर याचा जास्त परिणाम होईल. भरतीत जाऊ नका, असं मी म्हणत नाही. भरतीतही खोली आहे, फक्त ती दिवसाला किती फोन केले यात नाही. १९९८ मध्ये फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर या मानसशास्त्रज्ञांनी निवडीच्या पद्धतींवरचं ८५ वर्षांचं संशोधन एकत्र मांडलं: कोणती पद्धत माणसाच्या पुढच्या कामाचा किती नेमका अंदाज देते. २०२२ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी अशा आकड्यांची नव्याने तपासणी केली. जुने बरेच आकडे खाली आले, पण आधी ठरवलेले प्रश्न सगळ्यांना सारखे विचारून ठरलेल्या मोजपट्टीवर गुण देण्याची मुलाखत त्या तपासणीत सगळ्यात वर राहिली. अशी मुलाखत घडवता येणं, मॅनेजरांना ती घ्यायला शिकवणं, आणि निवडलेला माणूस वर्षभराने कसं काम करतोय हे परत जाऊन बघणं, ही भरतीतली खोली. ती ज्याच्याकडे आहे त्याला भरती थांबली तरी काम असतं.

आणखी एक गोष्ट, जी विषय निवडताना सहसा कोणी बोलत नाही. पेरोल आणि कामगार कायद्याचं ज्ञान देशाची सीमा ओलांडली की बरंचसं पुन्हा नव्याने शिकावं लागतं. पगाररचना, प्रशिक्षण, माहितीचं विश्लेषण यांच्या पद्धती बऱ्याच प्रमाणात सोबत येतात. कुठे राहायचं आहे हे ठरलेलं नसेल, तर याचा विचार आत्ताच करा.

विषय कसा ओळखायचा, यासाठी माझ्याकडे एकच उपाय आहे आणि तो मी स्वतः केलेला आहे. एक वही ठेवा. ज्या प्रश्नावर तुम्हाला उत्तर देता आलं नाही तो प्रश्न, तारीख घालून, विचारणाऱ्याचं नाव न लिहिता नोंदवा. दीड-दोन वर्षांनी वही वाचा. माझ्या वहीत निम्म्याहून जास्त प्रश्न पगाराचे होते. माझ्या एका मैत्रिणीच्या वहीत जवळजवळ सगळे प्रश्न मॅनेजरच्या वागण्याचे निघाले. ती आज नेतृत्व विकासाचं काम करते.

यावर हमखास येणारा पुढचा प्रश्न म्हणजे, एकदा स्पेशालिस्ट झाल्यावर परत येता येतं का? येतं, पण वाट बघत बसून नाही. कॉम्पेन्सेशनमध्ये सहा वर्षं झाली तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी माणसांऐवजी पगाराच्या तक्त्यातल्या त्यांच्या ओळी वाचतेय. 'ओळ क्रमांक ४१२' असं मी एका बैठकीत खरोखर म्हणाले, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या आठवड्यात मी माझ्या वरिष्ठांकडे गेले आणि माझं काम तसंच ठेवून एका साठ माणसांच्या युनिटची एचआर म्हणून पूर्ण जबाबदारी मागितली. त्यांना ते पटायला दोन महिने लागले. पहिल्याच महिन्यात तिथल्या एका कर्मचाऱ्याने पगारवाढीचं पत्र माझ्यासमोर ठेवलं आणि म्हणाला, "यातलं तिसरं वाक्य मला कळलं नाही." ते वाक्य मीच लिहिलेलं होतं, दोन हजार पत्रांसाठी. आम्ही दोघांनी बसून ते पुन्हा लिहिलं, आणि आता पत्रांचा मसुदा मी आधी त्या युनिटमधल्या तिघा-चौघांना वाचायला देते.