तुम्ही विचारलंत म्हणून: नाताळच्या सुट्टीत आम्ही घरी काय करतो

डिसेंबर लागला की ऑफिसात, सोसायटीत, अगदी मंडईत भाजी घेताना ओळखीचं कोणी भेटलं तरी हा प्रश्न येतोच, "यंदा सुट्टीत कुठे? आणि कुठेच जात नसाल तर मुलं घरात बसून करतात तरी काय?" तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आम्ही हलवा करतो. संक्रांतीचा काटेरी हलवा, आणि मग त्याचे दागिने.

तुळशीबागेत तयार सेट मिळतात, छान असतात, पण करतानाची मजा त्यात कुठून येणार. आणि खरं सांगू का, हलव्याला लागतो वेळ, नुसता वेळ, जो आपल्याकडे एरवी कधीच नसतो आणि नाताळच्या सुट्टीत अचानक हातात येतो. शिवाय हवा. पुण्यात या दिवसांत पहाटे पारा १० अंशांच्या आसपास जातो, हवा कोरडी असते, आणि हलव्याला नेमकं हेच हवं असतं. दमट हवेत पाक लवकर सुकत नाही, मग काटा कसला येतोय.

कृती म्हणाल तर एकदम साधी. तीळ किंवा खसखस कोरडी भाजून परातीत घ्यायची, परात अगदी मंद आचेवर (आम्ही खाली जाड तवा ठेवतो), शेजारी साखरेचा पातळ पाक, थोडं दूध घालून मळी काढलेला. चमचाभर पाक टाकायचा आणि बोटांच्या टोकांनी हळूहळू हलवत राहायचं, सुकला की परत पाक, परत हलवायचं. सुरुवातीला काहीच होत नाही, दाणे नुसते पांढुरके दिसतात आणि मुलं दर पाच मिनिटांनी "आला का काटा" विचारतात. मग कधीतरी दुसऱ्या दिवशी दुपारी दाण्यावर बारीक बारीक टोकं दिसायला लागतात, बोटांना खरखर जाणवते, आणि ज्याला ती आधी जाणवते तो सगळ्या घराला ओरडून बोलावतो. आच जराही वाढवायची नाही, साखर पिवळी पडते. पिवळा हवाच असेल तर पाकात केशर घाला.

परातीपाशी पाळी लावलेली असते. सासूबाईंचा हात सगळ्यात हलका, त्यांच्या पाळीत काटा जास्त सुबक येतो हे आम्ही सगळेच मान्य करतो. आणि हात गुंतलेले असल्यामुळे मोबाईल कोणाकडेच नसतो, त्यामुळे गप्पा होतात. सासूबाईंच्या पहिल्या संक्रांतीची काळी चंद्रकळा, तेव्हा कोळशाच्या शेगडीवर केलेला हलवा, हे सगळं माझ्या मुलीला परातीपाशीच कळलं, मी वेगळं काही सांगितलं नव्हतं.

ज्यांची पाळी नसते ते खायचं बघतात. खायला विशेष काही नाही, हरभऱ्याच्या जुड्या आणून सोलायच्या, मटार सोलता सोलता निम्मे तोंडात, रताळी कुकरला, आणि हुरडा मिळाला तर तो तव्यावर गरम करून लसणाच्या चटणीबरोबर. स्वयंपाक मुद्दाम कमी ठेवते मी, नाहीतर सुट्टी सगळ्यांची आणि ओट्यापाशी मी एकटीच.

दागिने हा मुलांचा प्रांत. जुन्या लग्नपत्रिकांचा पुठ्ठा, बोहरी आळीतून आणलेला सोनेरी कागद आणि जरीची लेस. हाराचे दाणे सुईने ओवता येत नाहीत, फुटतात, म्हणून प्रत्येक दाण्याला दोऱ्याची गाठ मारून पुढे जायचं. मुकुटावर मात्र डिंकाने चिकटवले तरी चालतात. हारासाठी मोठे दाणे लागतात, ते साबुदाण्यावर करायचे, तिळाचा हलवा नाजूक, तो बाजूबंदाला बरा.

यंदा नणंदेच्या बाळाचं पहिलं बोरन्हाण आहे, त्यामुळे मुकुट, बासरी, बाजूबंद, कमरपट्टा असा सगळा बेत आहे. लेकीने बाळाच्या डोक्याचं माप दोऱ्याने घेऊन आणलंय आणि तो दोरा फ्रीजवर चिकटवून ठेवलाय.

आणि हो, नोकरीमुळे संक्रांतीपर्यंत जमेल का असंही विचारता तुम्ही. बोरन्हाण रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, त्यामुळे सुट्टीत हलवा करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरून ठेवा आणि दागिने जानेवारीतल्या एखाद्या रविवारी सावकाश करा.