एवढं होऊनही गाता कशा?

आमचे हे प्रभूकडे जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कुणी ना कुणी विचारतंच; परवा भाजीवालीनंही विचारलं, "ताई, एवढं होऊनही दर रविवारी चर्चमध्ये गाता कशा?" विचारण्यात खोच नसते, माया असते. तुमच्यातल्या आशेविषयी कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार असा, पण सौम्यतेनं द्या, असं येशूचा शिष्य पेत्र यानं बायबलमधल्या आपल्या पहिल्या पत्रात लिहून ठेवलंय. तुम्ही विचारलंत म्हणून सांगते.

यांच्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. साडेचार वर्षं आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दौंडहून सकाळची गाडी धरून पुणे, चार तास मशीनवर, संध्याकाळी परत. दिवसाचं पाणी मोजून एक लिटर. मे महिन्यात बर्फाचा खडा तोंडात धरून बसायचे. डाव्या मनगटापाशी फिस्टुला होता, म्हणजे धमनी आणि शीर जोडून केलेली जागा. तिथं बोट ठेवलं की मांजर गुरगुरावं तशी रक्ताची थरथर लागते. ती थांबली की फिस्टुला बंद पडला. म्हणून रोज रात्री दिवा मालवण्याआधी मी तिथं हात ठेवायची, आणि प्रार्थनाही तशीच, हात न काढता व्हायची.

पहिली दोन वर्षं माझी आशा एकच होती, हे बरे होतील. उपास केले, नवस म्हणावा असं बरंच काही देवाशी बोलले. मग एका रात्री मोठ्यानं भांडले. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेत अशी भांडणं आहेत, तेराव्या स्तोत्राची सुरुवातच "कोठवर?" अशी आहे, म्हणून धीर झाला.

देवाचं गौरव म्हणजे मला तेज वाटायचं, चमत्कार वाटायचा. योहानाच्या शुभवर्तमानात मात्र येशू आपल्या मरणाच्या घडीलाच गौरवाची घडी म्हणतो. पुन्हा उठला तेव्हाही खिळ्यांचे व्रण हातांवर होतेच, आणि शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला त्यानं तेच दाखवले. प्रेषित पौल करिंथ शहरातल्या मंडळीला लिहितो की प्रभूचं तेज आपल्यात आरशासारखं उमटतं. त्या काळी आरसे काशाचे असत, घासून घासून उजळलेले. लगेच पुढच्या अध्यायात तोच आपल्याला मातीची भांडी म्हणतो. तीनदा जहाज फुटलेला माणूस होता तो, उगाच बोलत नव्हता.

पण देवानं आपल्याला घासायला आजार पाठवला, असं मी म्हणणार नाही. अंत्यविधीच्या दिवशी दोघांनी मला तसं सांगितलं आणि ते दगडासारखं लागलं. आपला मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना येशू रडला होता. मला तेवढं पुरलं असतं.

गाडी केडगावला थांबली की हे पंडिता रमाबाईंनी उभारलेल्या मुक्ती मिशनच्या दिशेनं बघत राहायचे. रमाबाईंचे आईवडील दुष्काळात गेले, नवरा लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत कॉलऱ्यानं गेला, आणि 1921 च्या जुलैत एकुलती एक मुलगी मनोरमाही गेली. बाई तरीही बायबलच्या मराठी भाषांतराला चिकटून राहिल्या. पुढच्या एप्रिलमध्ये त्याही गेल्या. "पोटची पोर गेल्यावर ओळी कशा दिसल्या असतील त्यांना?" हे एकदा म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही.

डायलिसिसला एक पोरगा यायचा, विशीतला, वारकऱ्यांच्या घरातला. सुई बघितली की पांढरा पडायचा. हे मुद्दाम त्याच्या शेजारचा बेड मागून घ्यायचे आणि नर्स सुया लावायला लागली की आपला मोकळा हात पुढे करायचे, "माझा धर." स्वतःला चालवत नसायचं तेव्हाही. देवाचं गौरव कुठं पाहिलंस असं मला कुणी विचारलं तर मी त्या दोन बेडमधली जागा दाखवीन.

हे गेले त्या पहाटे सवयीनं माझा हात त्यांच्या मनगटावर गेला. थरथर नव्हती.

ईस्टरच्या पहाटे आमची मंडळी कब्रस्तानात उपासना करते. पहिल्या वर्षी यांच्या क्रूसापाशी उभी राहिले आणि पहिल्याच ओळीला आवाज फुटेना. तो पोरगा कुणाकडून तरी ऐकून आला होता. गीत त्याला येत नव्हतं. त्यानं आपला डावा हात पुढे केला, "काकू, माझा धरा." मी धरला. बोटांखाली त्याचा फिस्टुला थरथरत होता. दुसऱ्या कडव्यापासून मी गायले.