काळ्या तव्यावरची पांढरी भाकरी

दृष्टी गेलेल्यांना शिकवणाऱ्या आमच्या संस्थेच्या फॉर्मवर स्वयंपाकाच्या रकान्यात मावशींच्या मुलानं 'गरज नाही' असं लिहून दिलं होतं. घरात सून आहे, आईनं आता बसून खायचं, असा त्याचा सरळ हिशेब. मी काठी घेऊन चालायला शिकवायला गेले होते. मावशींनी काठी हातात घेतली, चाचपली, भिंतीला टेकवून ठेवली आणि म्हणाल्या, "हे नंतर बघू. आधी मला भाकरी करू द्या."

मंगळवेढा तालुक्यातलं घर. ज्वारीचं कोठार म्हणतात या भागाला, २०१६ साली इथल्या मालदांडीला भौगोलिक मानांकनही मिळालं. अशा घरातल्या बाईला परातीपासून लांब बसवणं म्हणजे काय, हे मुलाच्या लक्षात आलं नव्हतं. त्याचा तरी काय दोष? डोळे गेलेल्या माणसाला आयतं ताट देणं म्हणजेच प्रेम, असं आपल्याकडे सगळेच धरून चालतात.

मावशींच्या डोळ्यांचा पडदा मधुमेहानं खराब झाला होता. उजव्या डोळ्यानं काहीच दिसत नाही, डाव्यानं उजेड-सावली आणि मोठ्या वस्तूचा धूसर आकार. एरवी आम्ही शिकवताना बिनदिक्कत सांगतो, 'बोटांनी बघा.' जुन्या साखरेच्या माणसाला तसं सांगता येत नाही. साखर नसाही खाते. आधी तळपाय बधिर होतात, पुढे बोटांची टोकं. चटका बसलाय हे कळेपर्यंत फोड आलेला असतो. म्हणून अशा घरात मी शेगडीकडे वळायच्या आधी चिमटीत जाडं मीठ आणि रवा देऊन बघते. मावशींना बोटांच्या टोकांनी फरक सांगता येईना. तेच तळहातावर टाकून दुसऱ्या तळव्यानं चोळल्यावर म्हणाल्या, "ह्यो रवा. आन् जाडा हाय, शिऱ्याचा न्हवं." म्हणजे तळवे शाबूत होते. भाकरीला तळवाच लागतो.

शेगडीच्या बटणावर मी एरवी उठावाचं स्टिकर लावते. इथं ते बोटाला लागणार नव्हतं, म्हणून एम-सीलचा चांगला हरभऱ्याएवढा गोळा बसवला. आपल्याकडच्या बहुतेक शेगड्यांचं बटण दाबून डावीकडे पाव फेरा फिरवलं की ज्योत मोठी, आणखी तेवढंच पुढे नेलं की बारीक. गोळा वर असला की बंद, डावीकडे आला की मोठा, खाली गेला की बारीक. एवढंच पाठ करायचं. तवा थंड असतानाच बर्नरवर मधोमध बसवून घ्यायचा, लायटर आधी जागेवर टेकवायचा आणि मगच गॅस सोडायचा. पदर कमरेला खोचायचा, आणि साडी सुती. गॅस हवेपेक्षा जड असतो, गळती झाली तर खाली साचतो, तेव्हा पेटवण्याआधी वाकून सिलिंडरपाशी वास घ्यायचा. हे त्यांनी एकदाच ऐकलं आणि करून दाखवलं. मागे उभे असलेले काका मात्र दर पावलाला "अगं थांब, मी लावतो" म्हणत हात घालत होते.

खरी अडचण परातीत आली. आधणाचं पाणी घालून मावशींनी पीठ मळायला घेतलं आणि पहिल्याच रगड्याला तक्रार केली, "हे पीठ कवा दळलंय? विरी गेलीया ह्याची." विरी म्हणजे पिठाचा चिकटपणा. सून म्हणाली, "आत्या, पंधरा दिवस झाले असतील." मावशींनी आधण वाढवून पीठ पुन्हा रगडलं, गोळा केला, थापायला घेतली. भाकरी एका बाजूला जाड, दुसरीकडे कडा फाटलेली, अर्धी परातीच्या काठावर चढलेली. खिडकीतलं ऊन स्टीलच्या परातीवर पडून नुसता लखलखाट होत होता, आणि त्यात पांढरं पीठ. डाव्या डोळ्याला जे काही दिसायचं तेही त्यात बुडत होतं.

मी काकांना विचारलं, लाकडी काठवट आहे का घरात? मधे मधे हात घालणाऱ्या माणसाला काम दिलं की तो गप्प बसतो, हाही एक हेतू होता. काका माळ्यावर चढले आणि धुळीनं माखलेली, वापरून काळपट झालेली काठवट घेऊन उतरले. सुनेनं ती घासून दिली. मी मावशींना खिडकीकडे पाठ करून बसवलं.

पीठ भुरभुरलं आणि मावशी थांबल्या. मान तिरकी करून डाव्या डोळ्यानं बघायला लागल्या. "हितं गोल दिसतंय की वो."

पुढं मला फारसं काही करावं लागलं नाही. उजवा तळवा थापत होता, डावा हात कडेला आधार देत भाकरी फिरवत होता. अधूनमधून मान तिरकी करून त्या आकार बघून घ्यायच्या. काळ्या लोखंडी तव्यावर तर पांढरी भाकरी त्यांना आणखी स्पष्ट दिसली. वरून पाणी फिरवायला मी बोटांऐवजी फडक्याची गुंडाळी दिली. उलटायची वेळ कशी ओळखायची याचं माझं उत्तर तयार होतं, पण त्यांनी ते विचारलंच नाही. नाक पुढे केलं, कच्च्या पिठाचा वास गेला तशी उलथन्यानं कड उचलून भाकरी पलटली. जाळावर शेकायचं मात्र मी करू दिलं नाही. तव्यावरच कोरड्या फडक्यानं दाबत शेकायला लावली. दाबलं की आतल्या वाफेचा फुसफुस आवाज येतो, तो जिथं थांबतो तिथं परत दाबायचं.

काकांनी पुन्हा हात पुढे केला, तेव्हा मावशींनी उलथन्याची दांडी त्यांच्या मनगटावर हाणली. "सरा मागं. तुमच्या हातानं भाकरी फुगत न्हाई."

भाकरी गोल नव्हती, पण फुगली होती.

निघताना घरच्यांना एकच ताकीद दिली. मिठाचा डबा, उलथनं, फडकं जिथून घ्याल तिथंच परत ठेवायचं, बोटभरही इकडे-तिकडे नाही. आवराआवर करणारं घर अंध माणसाला फार महागात पडतं. सून म्हणाली, "चालंल. आत्या, भाकरी तुमची, कालवण माझं."

"कालवण बी मीच करणार. तुझ्या कालवणाला तिखट नसतंय."

फोडणी पुढच्या खेपेला, गरम तेलाचं शिकवणं वेगळं असतं, असं मी निक्षून सांगितलं. मावशींनी मान डोलावली आणि तेलाची किटली हल्ली कुठल्या फळीवर असते ते सुनेला विचारून घेतलं.