दोन खोल्या, एक कूलर आन मायचा अंगठा

आमचं गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, पक्क्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचं पाणीच खारं. आधी इथं खोली भाड्यानं देणं-घेणं असं काही नव्हतंच, बाहेरगावचा माणूस आला तर कोणाच्या तरी सपरीत खाट टाकून राहायचा. आता बँकवाले, लाईनमन, कृषी सहायक, सिस्टर, झेडपीचे सर, सगळ्यांनाच खोली पाहिजे, आणि फोनवर पहिला प्रश्न एकच, संडास आत आहे का. म्हणून बाबा गेल्यावर समोरच्या दोन खोल्या भाड्यानं द्यायचं ठरवलं.

पहिला भाडेकरू शब्दावर ठेवला. नोकरीवाला पोरगा, एकटा, सभ्य. अडीच हजार महिना, लाईट त्यातच. कागद नाही, डिपॉझिट नाही. माय म्हणे, "नोकरीवाल्याले कायले कागद मांगतं, लाज वाटत नाही का?" मग एप्रिल लागला. आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो हे काही नवीन नाही, पण या पठ्ठ्यानं कूलर रात्रंदिवस चालू ठेवला, ड्युटीवर जातानासुद्धा, म्हणे परत आल्यावर खोली गार पाहिजे. बिल आलं ते पाहून मी दोनदा चष्मा पुसला. जूनमध्ये बदली झाली आणि दोन महिन्यांचं भाडं "फोन पे करतो ना भाऊ" मध्येच राहिलं.

तेव्हा एक गोष्ट डोक्यात शिरली, ती सांगून ठेवतो. बरेच जण म्हणतात सबमीटर लावून दे, झालं काम. पण सबमीटरनं फक्त कोणी किती युनिट जाळले ते कळते. महावितरणचे दर टप्प्याटप्प्यानं चढतात, शंभर युनिटपर्यंत एक दर, पुढच्या टप्प्याला दुसरा, आणि दोन घरांची लाईट एकाच मीटरवर असली की दोघांचे युनिट मिळून वरच्या टप्प्यात जातात, मग भांडण सुरू की वरचा दर कोणाच्या बोकांडी. मी सरळ नमुना ८, म्हणजे ग्रामपंचायतीचा घराचा उतारा, लावून खोल्यांसाठी वेगळं मीटर घेतलं. चकरा माराव्या लागल्या, पण डोकं शांत आहे.

बाकी तयारी म्हणजे काय, गिलावा, रंग, मोरीला फरशी, मागे शोषखड्डा. स्लॅबवर चुन्याचे दोन हात मारले, त्यानं फरक पडतो, चप्पल न घालता वर जाता येते एवढं तरी. कूलरसाठी खिडकीबाहेर लोखंडी स्टँड ठोकून घेतलं, नाहीतर लोक विटांवर ठेवतात. आणि भिंतीतली ती भेग. काळी जमीन आहे बावा, उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, त्यासोबत भिंत हलते. तीनदा भरली, तीनदा उघडली. आता मी ती लपवत नाही, खोली दाखवताना आधी तीच दाखवतो.

पाण्याचं पण आधीच सांगतो. नळ रोज नाही, आला की भरून घ्यायचं. बोअरचं पाणी खारं, भांडी-धुण्यालाच. कूलरमध्ये ते टाकलं की महिन्याभरात बाजूच्या गवती ताट्या पांढऱ्या पडतात, हात लावला तर पापडासारख्या कडक. हे ज्याला चालते त्यानं यावं.

दुसरा माणूस आला तो एक सर. खोली पाहिलीच नाही, सपरीत बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "खोली नको, फक्त भाड्याचा कागद करून द्या, राहतो मी अमरावतीले." नोकरीच्या गावी राहतो असं दाखवल्याशिवाय घरभाडं भत्ता अडतो, म्हणून. महिन्याचे पाचशे देतो म्हणे, नुसते. खरं सांगतो, मिनिटभर मन हललं. राहणारा नाही, कूलर नाही, पाण्याची कटकट नाही. पण उद्या कोणी चौकशीला आलं तर रिकाम्या खोलीत मी काय त्यांचं टॉवेल वाळत घालू का? नाही म्हणालो. ते उठून शेजारच्या गल्लीत गेले, तिथं मिळाला असावा कागद.

मग सिस्टर आल्या, आरोग्य उपकेंद्रातल्या. नवरा आणि एक लहान पोरगी. साडेतीन हजार भाडं, दहा हजार डिपॉझिट, लाईट त्यांची. आणि या वेळी ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचा लेखी करार, तोही रीतसर नोंदवलेला. लोकांना वाटते शंभराच्या स्टॅम्पवर नोटरी केली की संपलं. १९९९ च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मध्ये लेखी करार नोंदवायची जबाबदारी घरमालकावरच टाकली आहे, आणि नोंदवला नसेल तर अटींबद्दल भाडेकरू म्हणेल ते खरं, उलट सिद्ध होईपर्यंत! तो कायदा त्याच्या यादीतल्या शहरांना लागू आहे, पण ही एक ओळ वाचून मी खेड्यातला असूनही शहाणा झालो. खर्चही काही फार नाही, मुद्रांक शुल्क म्हणजे पूर्ण मुदतीचं भाडं आणि डिपॉझिटवर वर्षाला १० टक्क्यांनी धरलेलं व्याज, या दोन्हीच्या बेरजेवर ०.२५ टक्के, आणि ग्रामीण भागात नोंदणी फी ५०० रुपये. एजंटचे पैसे वेगळे, तो ठसे घ्यायचं यंत्र घेऊन घरीच आला.

अडलं ते मायच्या अंगठ्यावर. नमुना ८ वर घर तिच्या नावावर, म्हणजे आधारचा ठसा तिचाच पाहिजे. अंगठा ठेवला, लाल. पुसून ठेवला, लाल. चाळीस वर्षं कापूस वेचून बोटावर रेघच राहिली नाही. एजंट म्हणे हात धुवा, मग म्हणे खोबऱ्याचं तेल लावा, मग म्हणे तेल पुसा. सिस्टरनं स्वतः मायचा हात हातात घेऊन एकेक बोट यंत्रावर दाबून पाहिलं. दोन साक्षीदार चहा पिऊन पिऊन कंटाळले.

डाव्या हाताच्या करंगळीजवळच्या बोटाला हिरवं लागलं. माय म्हणे, "एवढ्यात तं म्या कापसाची अर्धी ओळ वेचली असती."

पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती दुसऱ्या दिवशी देऊन आलो. सिस्टरनं पहिल्याच रविवारी कूलरच्या ताट्या बदलल्या आणि मला विचारलं, भाऊ, ती भेग दरवर्षी त्याच जागी पडते का.