टेपा करप्ट नव्हत्या

मागच्या महिन्यात एका ट्रस्टच्या जुन्या बॅकअप टेपा वाचून काढल्या, ते काम अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय. गोंधळी, वासुदेव, पोतराज यांच्या मुलाखतींचं २०१० च्या आसपासचं शूटिंग, हार्डडिस्क कधीच्याच उडालेल्या आणि उरल्या फक्त एलटीओ-४ च्या टेपा (एलटीओ म्हणजे बॅकअपच्या टेपांचा एक प्रकार, पुढचा आकडा पिढीचा). आधी ज्यांना दाखवलं त्यांनी एक एरर बघून "टेपा करप्ट आहेत" सांगून टाकलेलं. हे सगळं सांभाळणाऱ्या ताई म्हणाल्या, "दादा, यातले बरेच लोक आता हयात नाहीत, एकदा तुम्ही बघाच."

लोकांना वाटतं नवीन ड्राइव्ह आणला की झालं. लाखांच्या घरात पैसे घालून एलटीओ-९ आणला तरी तो फक्त ८ आणि ९ च्या टेपा वाचतो, ४ ची टेप त्याला चालतच नाही. म्हणजे सेकंडहँडशिवाय पर्याय नाही. लॅमिंग्टन रोडवरून सर्व्हरमधून काढलेला एलटीओ-५ उचलला, तो ५ आणि ४ वाचतो-लिहितो आणि ३ नुसती वाचतो. ड्राइव्ह सॅसचा, म्हणजे सर्व्हरवाल्या कनेक्शनचा, त्यामुळे साध्या पीसीच्या मदरबोर्डवर डिस्कसाठी जो साटा पोर्ट असतो त्यावर चालत नाही. अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या रेड कार्डवर टेप ड्राइव्ह बऱ्याचदा दिसतच नाही म्हणून ड्राइव्ह नुसता जोडून देणारं साधं एचबीए कार्ड पण तिथूनच घेतलं.

ताईंची एकही टेप लगेच आत घातली नाही. त्या टेपेत जे आहे ते जगात दुसरीकडे कुठेच नाही, आणि अनोळखी ड्राइव्हने टेप आत गुंडाळली की मग हातात काही राहत नाही. आधी स्वतःकडची एक रिकामी टेप घातली. ड्राइव्हने ती घेतली, जरा घरघरला आणि क्लिनिंगचा लाइट लागला. क्लिनिंग कार्ट्रिज फिरवल्यावर लाइट गेला. मग लिहून बघितलं तर स्पीड सेकंदाला १५-२० एमबी आणि आतून सारखा पुढे-मागे जाण्याचा आवाज. अशा वेळी लोक ड्राइव्ह परत करतात, पण दोष ड्राइव्हचा नव्हता. डेटा जुन्या यूएसबी डिस्कवरून येत होता, टेपेला तो पुरत नव्हता, मग ती थांबते, मागे जाते, परत धावते, यात हेडही झिजतं आणि टेपही. एसएसडीवरून दिलं तर १४० च्या जवळ गेला. टेस्टला नुसती शून्यं लिहू नका बरं का, ती कॉम्प्रेस होतात आणि स्पीड खोटा दिसतो, मी आधीच बनवून ठेवलेली रँडम डेटाची फाइल लिहिली आणि परत वाचून चेकसम (फाइल जशीच्या तशी आहे का ते सांगणारा आकडा) जुळवला. जुळला.

मग ताईंची पहिली टेप. कार्ट्रिजच्या कडेला लाल खटका असतो तो लॉककडे सरकवला म्हणजे चुकूनही लिहिलं जाणार नाही, कोपऱ्यातलं झाकण बोटाने हळूच उघडून आतली लोखंडी पिन जागेवर आहे का बघितलं, कारण ड्राइव्ह ती पिन पकडूनच टेप ओढतो. टेप लोड झाली, टारने (फायली एका गठ्ठ्यात बांधणारा आणि सोडवणारा प्रोग्रॅम) वाचायला घेतली आणि लगेच एरर: मेमरी अ‍ॅलोकेट करता येत नाही.

आधीच्यांनी हीच एरर बघून टेपा करप्ट ठरवल्या असणार. पण मशीनमध्ये रॅम भरपूर होती, आणि टेप खरंच खराब असती तर ड्राइव्हने रीड एरर दिली असती, मेमरीचं नाव घेतलं नसतं. लिनक्समध्ये टेपेवरचा ब्लॉक, म्हणजे एका वेळी लिहिलेला डेटाचा तुकडा, आपण मागितलेल्या साइजपेक्षा मोठा असेल तर हीच एरर येते. टार आपणहून १० केबीच मागतो. टेप रिवाइंड केली, ब्लॉक साइज एमटीने (टेप ड्राइव्हला हुकूम देणारी कमांड) शून्यावर म्हणजे व्हेरिएबलवर, कुठल्याही साइजचा ब्लॉक चालेल अशी ठेवली, डीडीला (डेटा जसाच्या तसा उचलणारी कमांड) एक एमबी मागायला सांगून एकच ब्लॉक वाचला. आले २,६२,१४४ बाइट्स, म्हणजे बरोबर २५६ केबी, आणि त्याच्या सुरुवातीलाच फोल्डरचं नाव स्वच्छ वाचता येत होतं. टेपेत सगळं होतं, फक्त घास छोटा मागितला जात होता.

टारला ब्लॉकिंग ५१२ दिलं (५१२ बाइट्सचे ५१२ तुकडे, म्हणजे तेच २५६ केबी) आणि फायली सरसर यायला लागल्या. ८२० मीटरची टेप, पूर्ण भरलेली असेल तर या टोकापासून त्या टोकापर्यंत ५६ वेळा जाते, दोनेक तास लागतात. मी खुर्चीतून उठलो नाही. ड्राइव्ह गरम होत होता म्हणून समोर पंखा लावून ठेवला, आणि एका टेपेच्या शेवटी एका जागी तो अडखळला तेव्हा खरंच पोटात गोळा आला, पण रीट्राय करून पुढे गेला. ताईंना फोन केला तर त्यांना आधी खरंच वाटेना, मग म्हणाल्या संबळवाले आजोबा आहेत का बघा. होते.

सगळं दोन डिस्कवर उतरवून एक कॉपी नव्या एलटीओ-५ टेपेवर पण करून दिली, आणि यावेळी लेबलवर ब्लॉक साइज आणि कुठल्या प्रोग्रॅमने लिहिलंय ते पेनने लिहिलं. ड्राइव्ह माझ्याकडेच आहे. कोणाकडे एलटीओ-३, ४, ५ च्या टेपा कपाटात पडून असतील आणि कोणी करप्ट म्हटलं असेल तर फेकू नका, आधी मला विचारा.