७ जानेवारी : एकाच मुलासाठी लिहिलेल्या गोष्टी

१७१५ साली आजच्याच तारखेला फ्रान्समधल्या कांब्रे इथे फ्रेंच धर्मगुरू आणि लेखक फ्रांस्वा फेनेलों वारले. फ्रेंच बोधकथा म्हटलं की आधी ला फोंतेन आठवतात, आणि ते योग्यच आहे. पण मुलाला गोष्टीतून शिकवायचं कसं, हे बघायचं तर फेनेलोंच वाचावेत. त्यांनी पद्याच्या वाटेला न जाता साध्या गद्यात गोष्टी लिहिल्या, आणि त्या लिहिताना समोर एकच मुलगा होता.

तो मुलगा म्हणजे फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा नातू, बर्गंडीचा ड्यूक. १६८९ च्या ऑगस्टमध्ये फेनेलों त्याचे शिक्षक झाले, तेव्हा तो सात वर्षांचा होता. पंचतंत्रातल्या विष्णुशर्म्याच्या वाट्याला मठ्ठ राजपुत्र आले होते. इथे उलटं होतं. पोरगा तल्लख, पण भयंकर तापट. नावडत्या कामाची वेळ झाल्याचे टोले पडले की तो घड्याळच फोडायला निघे आणि बेत बिघडवणाऱ्या पावसावरही भडके, असं त्याच दरबारातल्या सेंट-सिमों यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्याच वर्षीच्या २९ नोव्हेंबरची, त्याने व्हर्सायमध्ये सही केलेली एक चिठ्ठी फेनेलोंच्या चरित्रात दिली आहे: राजपुत्राच्या शब्दावर वचन देतो की फेनेलों सांगतील ते लगेच ऐकेन, नाही ऐकलं तर होईल ती शिक्षा मान्य. अशा मुलाला ‘रागावणं वाईट असतं’ हे सांगून काय होणार?

म्हणून मेलांत नावाच्या एका मोठ्या माणसाची गोष्ट. मेलांतचं असं काय वाईट झालं? बाहेर काहीच नाही, जे झालं ते सगळं आत. काल रात्री झोपला तेव्हा सगळ्यांचा लाडका होता, आज सकाळी त्याला चारचौघांपासून लपवायची वेळ आली. कारण काय, तर उठल्या उठल्या पायमोज्याची एक चुणी त्याला खटकली, आणि आता सगळा दिवस वादळी जाणार. ही चुणी म्हणजे या गोष्टीचा जीव आहे. नाव परकं, माणूस मोठा, पण कारण इतकं बारीक आणि घरगुती की मुलाला ते ओळखू यावं. इथे एखादं भारदस्त कारण घातलं असतं, तर मेलांतची बाजू खरी वाटली असती आणि गोष्ट वाया गेली असती.

दुसरी गोष्ट छोट्या बॅकसची. हा रोमन मद्यदेव, देवांचा राजा ज्युपिटर याचा मुलगा. त्याचा म्हातारा गुरू सिलेनस त्याला शिकवतोय, आणि जवळच एक फॉन, म्हणजे अर्धा माणूस अर्धा बोकड असा वनदेव, त्याच्या प्रत्येक चुकीला हसतोय. बॅकस चिडून विचारतो, ज्युपिटरच्या मुलाला हसायची तुझी हिंमत कशी झाली? फॉन म्हणतो, आणि ज्युपिटरच्या मुलाची चुकायची हिंमत कशी होते? संपली गोष्ट. राजाच्या नातवाची ढाल होती त्याचं कुळ. तेच कुळ फॉनने त्याच्यावर उलटवलं. यानंतर एक वाक्य जरी जोडलं तरी धार गेली. मराठीत सांगताना ज्युपिटर, फॉन, सिलेनस कोण ते सुरुवातीलाच दोन वाक्यांत सांगून टाकावं. शेवटी समजावत बसलं तर मूल हसायच्या ऐवजी ऐकत बसतं.

सांगण्याची रीत त्यांनी मुलींच्या शिक्षणावरच्या आपल्या पुस्तकात (१६८७) आधीच मांडली होती. ते पुस्तक मुळात दरबारातल्या बोव्हिलिए या सरदार दांपत्याच्या मुलींसाठी लिहिलेलं, आणि त्यातलं सहावं प्रकरण खास गोष्टींवर आहे. प्राण्यांची एखादी चतुर, निर्मळ गोष्ट सांगा आणि थांबा. मुलाने आणखी मागेपर्यंत दुसरी नाही. थोडी भूक कायम ठेवायची. पुढच्या गोष्टी निवडून, छोट्या सांगायच्या आणि एकमेकींत गुंफून उद्यावर ढकलायच्या. प्रत्येक पात्राला त्याच्या आवाजात बोलू द्यायचं. मूल आपणहून गोष्ट परत सांगू लागलं तर उत्तम, पण त्याचा नियम करायचा नाही. नियम केला की गोष्टीचा धडा होतो, आणि तिथेच बहुतेक शिक्षक चुकतात. मुलाचं मन म्हणजे वाऱ्यात ठेवलेली मेणबत्ती, ज्योत हलायचीच, असं ते लिहितात. प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत पोर छतावरची चित्रं मोजायला लागतं. हे ज्याने जवळून पाहिलंय त्यालाच सुचेल.

मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो वेळेबद्दलचा नियम: मूल भडकलेलं असताना बोलायचं नाही, आपण भडकलेले असतानाही नाही. आपल्या रागात बोललो तर मुलाला कळतं की हा आपला लहरीपणा आहे. त्याच्या रागात बोललो तर चूक कबूल करण्याइतकं त्याचं मन मोकळं नसतं. मेलांतची गोष्ट ऐन भांडणात सांगितली तर तो टोमणाच होईल. ती दुसऱ्या दिवशी, पोट भरलेलं असताना, मुलाकडे न बघता सांगावी.

गंगेचं नाव दिसतं म्हणून मराठी वाचक नाईल आणि गंगेच्या गोष्टीकडे आधी वळेल. दोन्ही नद्या मानाच्या जागेसाठी समुद्रदेव नेपच्यूनपुढे वाद घालतात. पण लहान मुलांना तो वाद रुक्ष वाटतो. सुरुवात करावी साखरेच्या बेटापासून: मुरांब्याचे डोंगर, खडीसाखरेचे खडक, पाकाच्या नद्या. दिवसात बारा जेवणं पचावीत म्हणून पुढच्या बेटावर पाहुण्याला बारा रेशमी थैल्या बांधतात, बारा पोटं म्हणून. त्या पाहुण्याला कंटाळा यायच्या आधी त्या रात्री थांबावं, आणि पुढे काय झालं ते उद्यासाठी ठेवावं.