सराव नोंद : ‘स्ट्रोक’चे चार अर्थ आणि माझे आकडे

हिवाळी सराव सुरू झाल्यापासून मुळा नदीच्या पात्रात रोइंगच्या बोटीतील कॉक्सच्या (सुकाणू धरून वल्हेकऱ्यांना सूचना देणाऱ्याच्या) तोंडून सर्वाधिक ऐकू येणारा शब्द म्हणजे ‘स्ट्रोक’. नवे गडी तो ऐकून बावचळतात, म्हणून या वेळची नोंद याच शब्दाच्या अनुषंगाने लिहीत आहे.

वल्ह्याचे पाते पाण्यात रोवणे, पायांनी रेटा देत ओढणे, पाते बाहेर काढणे आणि सरकत्या बैठकीवरून पुन्हा पुढे येणे, या एका आवर्तनाला स्ट्रोक म्हणतात, हे सर्वांना ठाऊक असते. मात्र आठजणांच्या बोटीत कॉक्ससमोर बसलेला आठव्या क्रमांकाचा गडीही स्ट्रोकच असतो. सारे जण बोटीच्या दिशेकडे पाठ करून बसत असल्यामुळे त्याची हालचाल पाहतच मागच्यांना आपली लय जुळवावी लागते. त्याचे वल्हे परंपरेने बोटीच्या डाव्या अंगाला असल्याने ती बाजू ‘स्ट्रोक साइड’ झाली, हा तिसरा अर्थ; पाठमोऱ्या बसलेल्या गड्याला मात्र ती उजव्या हाताला येते. काही बोटींत वल्ह्यांची मांडणी उलटी केलेली असते आणि तेव्हा स्ट्रोकचे वल्हे ‘बो साइड’ला, म्हणजे बोटीच्या उजव्या अंगाला जाते, तरी बाजूंची नावे बदलत नाहीत. दत्तू भोकनळ ज्या क्वाड्रपल स्कल्स (चौघांच्या बोटीच्या) चमूतून 2018च्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक विजेते ठरले, त्या प्रकारच्या बोटीत प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही असतात. तेथे स्ट्रोक हे केवळ जागेचे नाव उरते.

चौथा अर्थ गतीचा, आणि माझा सध्याचा सराव त्याभोवतीच चालू आहे. ‘रेट वीस’ म्हणजे मिनिटाला 20 स्ट्रोक, अर्थात प्रत्येकाला 3 सेकंद. त्यांपैकी ओढण्यात साधारण एक आणि परत येण्यात दोन सेकंद जावेत, अशी अपेक्षा असते. जमिनीवरच्या रोइंग यंत्रावर या रेटला 500 मीटरना मला 2 मिनिटे 15 सेकंद लागतात, म्हणजे दर स्ट्रोकला सुमारे 11.1 मीटर पडतात. रेट 24वर नेला की वेळ 2 मिनिटे 10 सेकंदांवर येते, पण दर स्ट्रोकचे अंतर 9.6 मीटरपर्यंत घटते. वेग वाढला म्हणून खूश होणाऱ्यांनी हा दुसरा आकडाही लिहून ठेवावा, असे माझे मत आहे. वाढीव रेटमध्ये परतीची घाई झाली, की पायांचा रेटा सुरू होण्याआधीच पाठ मागे झुकू लागते आणि पाते पाण्याला नीट धरत नाही.

नदीवर ही मोजदाद तितकीशी विश्वासार्ह राहत नाही, कारण पात्याला जलपर्णीचा झुबका अडकला की पुढचे दोन-तीन स्ट्रोक वायाच जातात. त्यामुळे तूर्त यंत्रावरचेच आकडे धरून चाललो आहे. रेट 24ला दर स्ट्रोक 10 मीटर, म्हणजेच 500 मीटरना 2 मिनिटे 5 सेकंद, हे पुढचे लक्ष्य असून ते साधेपर्यंत रेट 26चा सराव हाती घेणार नाही.